शिंपल्याचं बटण

प्रिय ठकू,

हे पत्र मी हाताने लिहितेय, कापडाच्या कटिंगच्या खाकी कागदावर, पेन्सिलीने. अक्षर बघून हसू नकोस, चौथीनंतर मी एवढं सलग कधी लिहिलेलं नाही. एक गोष्ट आधी सांगते, ती पाळ. हे पूर्ण वाचून होईपर्यंत तुझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही आणि पायात चप्पल घालायची नाही. जिथे आहेस तिथे बस. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून सगळी पानं एकाला एक पक्क्या टाक्याने टाचून टाकली आहेत. क्रमाने उसव. शेवट आधी सांगितला तर म्हणशील, आजीला भास व्हायला लागले. तुझा बाप तसं म्हणायला लागलाच आहे.

माझा गुडघा आहे तसाच आहे, जिना उतरताना माझ्याआधी तोच बोलतो. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. तुझा बाप निवृत्त झाल्यापासून टीव्हीसमोर बसून बातम्या देणाऱ्यांशी भांडतो आणि दर वेळी हरतो. बाकी माझे डोळे शाबूत आहेत. शर्टाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस चेकिंगला. इंचाला बारा टाके हवेत तिथे अकरा आले की माझा हात आपोआप थांबायचा. सुपरवायझर मोजपट्टी लावायचा, मोजायचा, आणि तोंड वाकडं करून पीस बाजूला ठेवायचा. ही फुशारकी नाही, पुढे लागणार आहे म्हणून आठवण करून देतेय.

तू ते डबडं माझ्या टेबलावर आणून बसवलंस तो दिवस आठव. बापाच्या ऑफिसने भंगारात काढलेलं, चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचं की मधे माझी अंघोळ उरकायची. तू त्यातलं जुनं सगळं पुसलंस आणि लिनक्स म्हणून काहीतरी घातलंस. फुकट मिळालं म्हणालीस. मी म्हटलं, फुकट म्हणजे डागाळलेला लॉट असणार. मग तू मला समजावलंस, की हे कुणा एका मालकाचं नाही, जगभरची माणसं मिळून शिवतात, आणि शिवण मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे ज्याला हवं त्याने उसवून आपल्या मापाचं करावं. आत मशीन चालवणारं असतं ते अस्तर. वर डोळ्याला दिसतो तो डेस्कटॉप, ते वरचं कापड, आणि ते तर पाहिजे तसं बदलता येतं. हे मला पटलं. तयार शर्ट घेतला की माणसालाच शर्टाच्या मापाचं व्हावं लागतं, हे मी चाळीस वर्षं बघितलेलं. तेव्हा एक विचारायचं राहिलं. शिवण उघडी आहे ती आपल्याला. पण मशीनसमोर दुसरा कुणी बसला तर त्यालाही उघडीच ना?

तीन रविवार तू माझं माप घेत बसलीस. मी डावखुरी, म्हणून खालची पट्टी उचलून डावीकडे उभी केलीस आणि माऊसची बटणं उलटी केलीस. बाण काळा आणि जाडा. अक्षरं एवढी मोठी की तुझा बाप म्हणाला, समोरच्या इमारतीतले लोकही आता आईची पत्रं वाचतील. वरच्या कोपऱ्यात बाण ढकलला की उघडलेलं सगळं मिटून नुसतं राखाडी कापड दिसायचं. घाबरलीस की कोपऱ्यात पळ, असं तू शिकवलंस. आणि नावं वाचायला मला वेळ लागतो म्हणून माझा बटणांचा डबा पालथा घातलास, सात बटणं निवडलीस, त्यांचे फोटो काढलेस आणि पट्टीवर एकाखाली एक बसवलेस. पितळी बटण दाबलं की फोटो, कोटाचं लाल दाबलं की बातम्या, शिंपल्याचं पांढरं दाबलं की पत्रं. रेडिओला दुसरं पांढरं लावलंस, प्लास्टिकचं. बाप म्हणाला, दोन्ही सारखीच दिसतात, म्हातारी गोंधळेल. आपण दोघी एकमेकींकडे बघून हसलो. पाच वर्षांची होतीस तेव्हा तुला शिकवलं होतं, शिंपल्याचं बटण गालाला लावलं की गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही. आणि डोळ्यालाही कळतं. शिंपल्याच्या पोटात ढग हलल्यासारखं काहीतरी असतं. प्लास्टिक मेलेलं पांढरं. फोटोतसुद्धा फरक दिसत होता, ज्याला दिसतो त्याला.

आता त्याच्याबद्दल. तुझा नवरा पहिल्यांदा घरी आला तेव्हा अंगावर एक सुरकुती नव्हती आणि बोलण्यातही नव्हती, म्हणून मी त्याला तेव्हापासून इस्त्रीसाहेब म्हणते. आजी तुम्ही बसा, आजी मी उचलतो, आजी औषध घेतलंत का. तुझा बाप तर विरघळलाच. मी चहा आणला, तू कप जरा तिरका धरलास, आणि त्याने हसत हसत तुझं मनगट धरून कप सरळ केला. थेंबही सांडलेला नव्हता. मी बघितलं. एवढासा टाका चुकला तरी शर्ट परत पाठवणारी मी, आणि त्या दिवशी तो पीस मी पास केला. का, ते विचारू नकोस. तू खूश होतीस, बाप खूश होता, आणि मला वाटलं, बाई, आता निवृत्त झालीस, जरा गप्प बस. पुढे तुझा फोन त्याच्या खिशात राहायला लागला. मग तुझ्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशोब सुरू झाला, मग दाराला बाहेरून कडी. एका दुपारी तू भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ड्रेस घालून आलीस. मी बाही वर केली, बघितलं, परत खाली केली. तू म्हणालीस, काय करू. मी म्हटलं, जा. कुठे ते मला सांगू नकोस. मला माहीतच नसेल तर माझ्या तोंडून निघणार नाही.

त्याला सात महिने झाले. तू जवळ फोन ठेवत नाहीस, बरं करतेस. ईमेलचा नवा पत्ता काढून मशीनवर पत्रं पाठवतेस, मी एका बोटाने उत्तरं देते. तुझा ठिकाणा फक्त तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीला माहीत. ती दर गुरुवारी माझं औषध आणून देते आणि तिथूनच तुझ्याकडे येते. एवढी साधी शिवण होती आपली, आणि सात महिने टिकली. मला वाटायला लागलं होतं की आता धुतली तरी जाणार नाही.

गेल्या गुरुवारी चष्मेवाली औषध देऊन गेली आणि दहाव्या मिनिटाला इस्त्रीसाहेब दारात. हातात सफरचंदं. जिन्यात दोघं समोरासमोर आले की नाही, मला माहीत नाही. ती उद्या आली की आधी तेच विचारणार आहे. दार तुझ्या बापाने उघडलं. मी आतून ओरडले, कोण आहे, तर म्हणतो, अगं जावई आहेत, भांडण त्या दोघांचं, आपण कशाला तोंड वाकडं करायचं. त्याने तुझ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. बायको सात महिने घरात नाही आणि माणूस सफरचंदं कापायला सुरी मागतो, तेव्हाच मला टाका चुकलेला दिसला. मग म्हणतो, आजी, तुम्ही दिवसभर पत्रं लिहिता म्हणे. म्हणे म्हणजे बापाने पोटातलं ओकलेलं. तुमच्या मशीनवर जुनं व्हर्जन आहे, धोक्याचं असतं, दोन मिनिटांत नवं करून देतो. मी म्हटलं, राहू दे, मीही जुनंच व्हर्जन आहे. तो हसला. बाप म्हणाला, आई, त्याचं कामच आहे ते, तू जरा चहा टाक. आणि मी गेले चहा टाकायला. ही माझी दुसरी चूक. दाराच्या फटीतून बघितलं तर बसायच्या आधी त्याने फोन काढून माझ्या स्क्रीनचा फोटो घेतला. तेव्हा कळलं नाही कशाला.

दोन मिनिटांचं काम तासभर चाललं. तो गेल्यावर मी बसले. सगळं जागच्या जागी. पट्टी डावीकडे, बाण काळा, बटणं सात. कुणीही म्हणालं असतं, काही बदललेलं नाही. माझा हात थांबला. पट्टी दोन दोरे बारीक होती. पितळी आणि लाल बटणात फट जास्त होती. मग पत्रं उघडायला शिंपल्याचं बटण दाबलं, तर रेडिओवरची बाई गायला लागली. ठकू, मी तिचा आवाज बंद केला नाही. तिला गाऊ दिलं आणि बसून विचार केला. नवं घालताना तू शिवलेलं सगळं उसवलं गेलं होतं, आणि त्याने फोनमधल्या फोटोवर बघून एकेक परत जोडलं होतं. हुशार माणूस. फक्त दोन पांढरी बटणं त्याला सारखीच दिसली. पण नवं करून देणारा माणूस नवं दाखवतो, मिरवतो. जुनं होतं तसं हुबेहूब परत कोण करून ठेवतं? ज्याला आपण येऊन गेलो हे कळू द्यायचं नसतं तो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी दीडला मी शिलाई मशीनवर बापाची पँट शिवत होते. कॉम्प्युटर समोर, नेहमीसारखा चालू. आणि बाण हलला. मला वाटलं, माऊसखाली धूळ असेल. उठले, माऊस उचलला, पोटाकडून बघितला, फडक्याने पुसला. माऊस माझ्या हातात, हवेत, आणि बाण काचेवर चालतोय. सावकाश, घर माहीत असलेल्या माणसासारखा. पट्टीवर आला, प्लास्टिकचं बटण दाबलं, पत्रं उघडली. तुझी पत्रं. एकेक करून, वर जा, खाली ये, पुन्हा वर. मग सगळं मिटवलं आणि बाण जिथून उचलला होता तिथे नेऊन ठेवला. म्हणजे जवळजवळ तिथे. मी ओरडले नाही. माऊस खाली ठेवला, पण टेबलाला लागून आवाज होऊ नये म्हणून आधी खाली फडकं टाकलं. माझं मलाच नवल वाटलं, स्वतःच्या घरात मी चोरासारखी वागतेय.

शनिवार-रविवार बाण हलला नाही. सोमवारी पुन्हा दीडला आला, मंगळवारी आला, आज आला. ती त्याची जेवणाची सुट्टी आहे. ऑफिसात बसून, डबा खाता खाता हा माणूस माझ्या घरात फिरतो. दीडला मी आडवी होते असं मीच तुला पत्रात लिहिलं होतं, त्याने ते वाचलं असणार. कॉम्प्युटरच्या वरचा तो कॅमेऱ्याचा डोळा तू चिंधीने झाकला होतास. ती चिंधी त्याने काढली नाही, काढली असती तर मला दिसलं असतं. म्हणून तो मला बघू शकत नाही, मी त्याला बघते, भिंतीला खुर्ची लावून. त्याला ऐकू जातं की काय ते मला माहीत नाही. नळाखाली फडकं ठेवते आणि खोकला आला की दुसऱ्या खोलीत जाते. बापाला सांगितलं, तर म्हणे आई, तुझं वय झालं. जास्त काही सांगत नाही, कारण इस्त्रीसाहेब त्याला हल्ली रोज फोन करून तब्येत विचारतात आणि बापाच्या पोटात काही राहत नाही. म्हणूनच त्याच्या फोनवरून चष्मेवालीलाही फोन केला नाही. वायर ओढायला मला एक क्षण लागेल. पण ओढली की इस्त्रीसाहेबाला कळेल, आणि मग तो मला न दिसता फिरेल. शुक्रवारनंतर तुला आलेली माझी पत्रं, गुडघा, नळ, टीव्ही, वाचून वाटलं असेल आजी फारच कंटाळवाणी झाली. ती तुझ्यासाठी लिहिलेली नव्हती. बाण कधी आला, कधी गेला, काय काय उघडलं, ते मी एका वेगळ्या कागदावर तारीख-वार घालून लिहिलंय. तो चष्मेवालीकडे देतेय, तुझ्या वकीलबाईंच्या हातात पडू दे.

आता तुझी चूक सांगते, रागावून नाही, मला तेवढी फुरसत नाही. रविवारी तुझं पत्र आलं, सोबत फोटो. तुम्हा लोकांची ही खोडच आहे, नवे पडदे लावलेल्या बाईसारखी. डेस्कटॉप मनासारखा सजला की त्याचा फोटो काढून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. बघ आजी, माझंही तुझ्यासारखंच केलंय. पट्टी डावीकडे, तू डावखुरी नसताना. तीच सात बटणं, आणि दोन्ही पांढरी आपापल्या जागी. मी चष्मा पुसला, त्याच्यावर धूळ होती. मग सवयीने चेकिंग केलं, वरपासून खालपर्यंत, आणि उजव्या कोपऱ्यात हात थांबला. घड्याळाखाली तू हवामान लावलंयस. ढगाचं चित्र, गरम किती, गार किती, आणि त्याखाली बारीक अक्षरात तुझ्या गावाचं नाव. अक्षराला अक्षर लावून मी ते वाचलं. सात महिने जे ऐकायचं नाही म्हणून मी कान बंद करून बसले, ते तू काचेवर लिहून पाठवलंस. मी लगेच तो फोटो आणि पत्र केराच्या टोपलीत टाकलं. टोपली नंतर रिकामी करायची असते, हे तू दहादा सांगितलं होतंस. मी विसरले. माझी तिसरी चूक. सोमवारी दीडला बाण सरळ टोपलीत गेला. फोटो बाहेर काढला. मोठा केला. कोपरा आणखी मोठा केला, गावाचं नाव पाटीएवढं झालं. आणि बाण त्या नावावर थांबला. तो हलत होता तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती. पाच मिनिटं तो हललाच नाही, तेव्हा वाटली.

काल मंगळवारी त्याने तुला पत्र लिहिलं, माझ्या नावाने, माझ्या डोळ्यांसमोर. एकेक अक्षर काचेवर येत होतं आणि मी भिंतीला टेकून वाचत होते. प्रिय ठकू म्हणून सुरुवात केली. माझा गुडघा घातला, नळ घातला, तुझ्या बापाला माझ्याच दोन शिव्या घातल्या. एवढं माझ्यासारखं की मधे मलाच वाटलं, हे मीच कधीतरी लिहिलं असेल. आणि मग खाली लिहिलं, की फोटोत तुझं गाव दिसलं, आता राहवत नाही, शुक्रवारी दुपारी दीडला तुझ्या गावच्या बसस्टँडवर उतरते, तू एकटीच ये, चष्मेवालीलाही सांगू नकोस. पाठवलं, आणि पाठवलेल्यातून पुसून टाकलं. टोपली रिकामी करायला तो विसरला नाही. आज दीडला तुझं उत्तर आलं. येते आजी, वाट बघते, एवढंच. त्याने माझ्याआधी वाचलं आणि तेही पुसलं. ठकू, मी येत नाहीये. ते पत्र माझं नव्हतं. स्टँडवर म्हातारी उतरणार नाही, तिथे कोण उभं असेल ते तुला कळलं असेल. हे तुझ्या हातात गुरुवारी संध्याकाळी पडेल. चष्मेवालीला मी मागच्या जिन्याने काढून देणार आहे आणि दोन बस बदलून जा म्हणून सांगणार आहे. कॉम्प्युटर तिथेच सोड, कपडे उचल, तिच्याबरोबर त्याच पावली निघ, आणि नवीन गाव मला सांगू नकोस, दाखवू तर अजिबात नकोस. खाली एक बटण टाचलंय. गालाला लावून बघ. गार लागलं तर हे पत्र माझं. यापुढे ज्या पत्राला गार बटण नाही ते माझं नाही, त्यात माझा गुडघा असो नाहीतर माझ्या मरणाची बातमी असो. शुक्रवारी दीडला मी भिंतीला खुर्ची लावून बसणार आहे. बाण हलला तर तो ऑफिसात डबा खातोय. नाही हलला तर तो तुझ्या गावच्या स्टँडवर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक पोरीचं तोंड बघतोय. सव्वीस वर्षांत मी कशाची वाट बघत बसले नाही, समोर येईल ते तपासलं. त्या दिवशी मात्र मला एवढंच बघायचं आहे, की बाण हलत नाहीये आणि तू तिथे नाहीस. पहिलं मला दिसेल. दुसरं मला कळायला काही मार्ग नाही. ते तुझ्याकडे.

तुझीच,
एक पीस चुकून पास केलेली आजी